मापटं: सामाईक लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, महापे

आमच्या तीन सॉफ्टवेअरसाठी एक सामाईक लायब्ररी, म्हणजे तिघांनाही वापरता येतील अशा तयार फंक्शन्सचा संच, करायचं काम आज रीतसर सुरू झालं. सोसायटी बिलिंग वागळे इस्टेटच्या टीमकडे, पायथनमध्ये. बाजार बिलिंग, म्हणजे वाशी एपीएमसीचे (कृषी उत्पन्न बाजार समितीचे) गाळेवाले, आमच्याकडे महाप्याला. सी-शार्पमध्ये, गाळ्यावरच्या विंडोज मशीनवर चालणारं. मोबाइल ॲप दोघांचं मिळून एक, जावास्क्रिप्टमध्ये. तिन्ही रेपो (कोडची भांडारं) उघडून सारखी दिसणारी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, वेचत बसलो. रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन तिन्हीकडे आहे. बाजारात तर दोनदा आहे, एक पावतीला आणि एक चेकला, आणि ७९ चं लेखन दोन्हींत वेगळं. शिवाय लाख-कोटींचे स्वल्पविराम, राउंड ऑफ, आर्थिक वर्ष, जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), आयएफएससी (बँक शाखेचा कोड), थकबाकीवरचं व्याज, नावावरून शोध.

सरांचं म्हणणं एका ओळीत: एकदाच लिहा, सगळीकडे वापरा, मार्चअखेरीच्या आत. ऐकायला झकास. तीन भाषांत ‘एकदाच’ कसं लिहायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

लायब्ररीचं नाव ‘मापटं’ ठेवलं. ‘कॉमन युटिल्स’ नावाचं फोल्डर तिन्ही रेपोंत आधीच आहे, आणि त्यात काय काय कोंबलंय ते पाहिल्यावर ते नाव परत घ्यायची हिंमत झाली नाही.

५ फेब्रुवारी

वागळेवाले ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरून वेळेत आले, उशीर आमच्याच लोकांनी केला.

तीन भाषांचा प्रश्न आधी घेतला. एक सूचना अशी आली की सगळी फंक्शन्स सर्व्हरवर ठेवावीत आणि तिघांनी नेटवरून विचारावं. बाजारवाल्यांनी ती लगेच उडवली. गाळ्यावर नेट गेलं म्हणून शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) थांबत नाही. समोर माणूस उभा असतो आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. सगळं एका भाषेत परत लिहायचं तर पैसे कोण देणार?

शेवटी ठरलं ते असं. कोड प्रत्येक टीम आपापल्या भाषेत लिहील. सामाईक राहील ते कोष्टक: एक साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल, रकाने चार. फंक्शनचं नाव, काय दिलं, काय उत्तर यायला हवं आणि का. तिन्ही रेपोंचं बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करायची पायरी) तीच फाइल वाचणार. एक ओळ चुकली की बिल्ड अडणार. ‘का’चा रकाना रिकामा असेल तर ओळ घ्यायचीच नाही.

मोबाइलवाला म्हणाला, “म्हणजे लायब्ररी नाहीच, नुसत्या टेस्ट आहेत.” तसं म्हण हवं तर. पण केंब्रिजच्या एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर (पहिला प्रोग्रॅम चालला मे १९४९ मध्ये) जी रुटीन्सची, म्हणजे तेव्हाच्या फंक्शन्सची, लायब्ररी होती तिची गोष्ट त्याला सांगितली. रुटीन्स कागदी पट्टीवर छिद्रं पाडून पोलादी कपाटात ठेवलेली. ज्याला हवं त्याने आपल्या पट्टीवर नक्कल करून घ्यायची. कॉपी-पेस्ट तेव्हाचंच. ती लायब्ररी उभी करण्यात ज्याचा मोठा हात होता त्या डेव्हिड व्हीलरने १९५२ मध्येच लिहून ठेवलंय, की रुटीन लिहून, तपासून झालं तरी आतला कोड न बघता दुसऱ्याला ते वापरता येईल असं वर्णन लिहिणं उरतंच, आणि कदाचित तेच सगळ्यात अवघड. आमचा चौथा रकाना म्हणजे तेच.

७ फेब्रुवारी

सोप्यापासून सुरुवात म्हणून जीएसटीआयएन. १५ अक्षरं: पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७), पुढची दहा पॅनची, तेरावं त्याच पॅनवरची कितवी नोंदणी ते, चौदावं बहुतेक ‘झेड’, पंधरावं तपासणीचं. वागळेचं फंक्शन नुसता साचा बघतं, त्यामुळे शून्याच्या जागी ‘ओ’ आणि ‘ओ’च्या जागी शून्य एवढंच पकडतं. दोन आकडे उलटसुलट झाले की गप्प. बाजारचं फंक्शन पंधरावं अक्षर खरंच काढून बघतं: प्रत्येक अक्षराला ० ते ३५ किंमत, आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं, ३६ ने भागून भागाकार आणि बाकी दोन्ही मिळवायचे, बेरजेला परत ३६ ने भागून जी बाकी उरेल ती ३६ मधून वजा, बाकी शून्य असेल तर उत्तरही शून्य. तेच घेतलं. वादच नाही.

वाद का नाही झाला, हे लिहून ठेवतो. हा नियम आपला नाही, गिऱ्हाइकाचाही नाही. एकाच ठिकाणाहून येतो आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे.

१२ फेब्रुवारी

रक्कम अक्षरी. वाटलं होतं दुपारपर्यंत उरकेल.

मोबाइलवाल्याने एनपीएमवरचं (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) एक तयार पॅकेज आणलं होतं. ते इंग्रजीला ठीक आहे, कारण तिथे वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे टप्पे असले की शंभरापर्यंत सगळं जोडून होतं. मराठीत जोडता येत नाही. बेचाळीस, पंचावन्न, सहासष्ट, शहात्तर, त्र्याण्णव. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक ते नव्याण्णव सरळ यादीच हवी. कुणीतरी चलाखी करून ‘नऊने संपणाऱ्या संख्येला पुढच्या दशकाआधी एकोण’ असा नियम बाजारच्या चेक-फंक्शनमध्ये घातलेला आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, पार एकोणनव्वदपर्यंत तो चालतो. ९९ ला तो काय छापतो ते बघून अकाउंट्सच्या मॅडम खुर्चीतून उठून माझ्या स्क्रीनपाशी आल्या: एकोणशंभर.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा किती गदारोळ झाला होता, त्याची आठवण निघाली. वागळेचा एक जण म्हणाला, ते टिकलं असतं तर आपली यादी एक-तृतीयांश झाली असती. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग शंभरचं. एकटा असेल तर शंभर, पुढे काही आलं की एकशे. १०० शंभर, १०१ एकशे एक. मग ११०० काय? बोलताना अकराशे. पण चेकवर? तिन्ही फंक्शन्सचं उत्तर वेगवेगळं. मॅडमचा निर्णय: एक हजार शंभर. ११०१ ला एक हजार एकशे एक. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘शेकड्यानंतर काही नसेल तर शंभर, हजारामागून आला तरी.’ मोबाइलवाल्याला हे वाचून पहिल्या फटक्यात बरोबर लिहिता आलं, तेव्हा वाक्य चांगलं जमलंय असं धरून चालतो.

एकोणऐंशी की एकोण्याऐंशी? एकोणऐंशी. पासष्ट. अठ्ठ्याऐंशी. यादी मॅडमनी स्वतः टाइप केली, कारण आमच्यापैकी कुणावरच त्यांचा भरवसा नाही.

वरची मर्यादा ९९,९९,९९,९९९. त्यापुढे फंक्शनने एरर द्यायची. अंदाजाने काही छापायचं नाही.

१३ फेब्रुवारी

स्वल्पविराम. पायथनचं स्वतःचं फॉरमॅटिंग हजारा-हजाराने तोडतं, त्याला १२,३४,५६७ शिकवावं लागतं. जावास्क्रिप्टला भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की आपोआप होतं. भारतीय मराठी दिलं की आकडेही देवनागरी होतात. पावतीवर छान दिसतं. एक्सेलमध्ये उतरवलं की बेरीज होत नाही. म्हणून आकड्यांची लिपी वेगळी सांगायची, लोकेलवर सोडायची नाही. झालं.

२० फेब्रुवारी

राउंड ऑफ. सगळा आठवडा यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

आधी तिन्ही भाषांची आपली आपली वागणूक टेबलावर मांडली. २.५ ला पायथन म्हणतो २, सी-शार्प न सांगता म्हणतो २, जावास्क्रिप्ट म्हणतो ३. ३.५ ला तिघंही ४. पहिले दोघं बरोबर मधोमध आलेल्या संख्येला जवळच्या सम आकड्याकडे नेतात, तिसरा नेहमी वर नेतो. कुणीच चुकत नाहीये; तिघांच्या मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय. फक्त ते मॅन्युअल आपल्याकडे कुणी उघडलं नव्हतं.

खरी गंमत उणे आकड्यांत. समजा बिलावर राउंड ऑफच्या आधी २ रुपये ५० पैसे. मोबाइलवरून काढलं तर ३. त्याच बिलाची क्रेडिट नोट, उणे २.५०. जावास्क्रिप्टला ‘वर’ म्हणजे अधिकाकडे, म्हणून उणे २. खात्यावर एक रुपया लटकत राहिला. बिल पूर्ण रद्द झालंय, माल परत आलाय, आणि एक रुपया येणे. गाळ्यावरचे शेठ तो रुपया विसरत नाहीत. ऑडिटर तर त्याहून विसरत नाही.

कराच्या बाबतीत प्रश्न नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येच आहे: जवळच्या रुपयाला न्यायचं, ५० पैसे किंवा जास्त असतील तर पूर्ण रुपया, कमी असतील तर सोडायचे. पट्टीवर मात्र आमचे काही गाळेवाले पैसे सरळ सोडून देतात, काही पैशापर्यंत छापतात. सोसायट्यांत ज्याची त्याची पद्धत.

ठरलेलं: फंक्शनला रक्कम पैशांत, पूर्णांकच द्यायची. (१.००५ ला १०० ने गुणलं की तिन्ही भाषा १००.४९९९… देतात, म्हणून दशांश आत येऊच द्यायचे नाहीत.) राउंड करायची पद्धत सांगितल्याशिवाय फंक्शन चालणार नाही. डीफॉल्ट नाही. उणे रकमेला तीच वागणूक जी अधिकला, चिन्ह नंतर लावायचं.

डीफॉल्ट नाही यावर बरीच कुरकुर झाली. “प्रत्येक वेळी लिहायचं?” हो, प्रत्येक वेळी. ज्याला कुठली पद्धत ते माहीत नाही त्याने आधी विचारून यावं.

२५ फेब्रुवारी

थकबाकीवरचं व्याज. वागळेवाल्यांना हे लायब्ररीत हवंच होतं. मी नकोच म्हणत होतो. जुंपली.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर सरळव्याज, जास्तीत जास्त २१ टक्के. इथपर्यंत एकच नियम. आता १०,००० रुपये, मार्चचे ३१ दिवस. दिवसावर मोजलं तर १७८ रुपये ३६ पैसे. महिन्यावर मोजलं तर १७५. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीला पहिलं हवं, कळव्याच्या एकीला दुसरं, आणि दोघी आपापल्या सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवतात. तिसरीकडे दर १८ टक्के. चौथीकडे पहिले काही दिवस माफ. आज फंक्शनला इतके स्विच आहेत की ते सगळे सांगणारी त्याची पहिली ओळ वाचायला स्क्रीन आडवी सरकवावी लागते. आणि बाजारातही ‘व्याज’ नावाचं फंक्शन आहे, ते शेठ खरेदीदाराला उधारीवर लावतात ते. नाव एक, हिशेबाचं सूत्रही तेच. पण शेठने उद्या आपला नियम बदलला तर कळव्याच्या सोसायटीचं काय?

तेव्हा मी ७ तारखेची नोंद काढून वाचून दाखवली. प्रश्न एकच ठेवायचा: नियमाचा मालक कोण? एकच मालक असेल, म्हणजे कायदा, बँकिंगचं मानक, युनिकोड (संगणकावरच्या अक्षरांचं मानक) किंवा आमच्या मॅडम, तर मापट्यात. प्रत्येक गिऱ्हाईक आपला मालक असेल तर त्या त्या प्रॉडक्टमध्येच, कोड कितीही जुळा दिसला तरी. दोन फंक्शन्स आज सारखी दिसतात यावरून ती उद्या एकत्र बदलतील असं ठरत नाही.

लायब्ररीत काय गेलं: दोन तारखांमधले दिवस (शेवटचा दिवस धरायचा की नाही हे सांगणं सक्तीचं) आणि आधीचं राउंड ऑफ. व्याज वागळेकडेच राहिलं. ते नाराज. चहा मी सांगितला.

४ मार्च

आर्थिक वर्ष. एप्रिलच्या आधी जानेवारी ते मार्च असेल तर मागचं वर्ष, एवढंच. वागळेचं फंक्शन अनेक वर्षं बिनतक्रार चालतंय, म्हणून तेच उचलायचं असं जवळपास ठरलं होतं.

टेस्टिंगवाली तुर्भ्याची. तिचे बाबा भाजी मार्केटला कामाला असतात आणि रात्री दीडला घर सोडतात. तिने कोष्टकात एक ओळ घातली: १ एप्रिल, पहाटे दोन वाजता काढलेली पट्टी. उत्तर आलं जुनं वर्ष.

कारण: फंक्शन सर्व्हरची वेळ घेतं, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आणि आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ एप्रिलचे पहाटेचे २ म्हणजे तिकडे ३१ मार्चचे रात्रीचे ८:३०. रोज रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात सर्व्हरची तारीख कालची असते. वागळेत पहाटे तीनला मेंटेनन्सचं बिल कोण काढतंय? भाजी मार्केटचा तर तो भर धंद्याचा वेळ.

एका जागी बिनतक्रार चाललेला कोड दुसरीकडे उचलला की काय होतं, याचं उदाहरण: एरियान ५ या युरोपियन रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशा-स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियान ४ वरून उचललेला. एका आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटी दशांश आकडा १६ बिटी पूर्णांकात बसवताना मावला नाही, कारण एरियान ५ चा मार्गच वेगळा होता. ४ वर तो आकडा कधी तेवढा वाढलाच नव्हता. रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत गेलं. आणि तो भाग ५ ला उड्डाणानंतर लागतही नव्हता. इथे रॉकेट नाही, पण नव्या वर्षाच्या बिलाला जुन्या वर्षाचा क्रमांक लागला तर तो सुधारताना जीएसटी रिटर्नचा जो घोळ होतो तो मॅडमना विचारा.

दुरुस्ती: फंक्शन आता वेळ घेतच नाही, फक्त तारीख घेतं. वेळेची भारतीय तारीख करणं हे दारातच, वेगळ्या फंक्शनने. टेस्टिंगवालीच्या ओळीच्या ‘का’ रकान्यात तिने स्वतः लिहिलंय: ‘भाजी मार्केट’. पुरेसं आहे.

११ मार्च

नावावरून शोध. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव डेटाबेसमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेलं सापडलं: ऱ हे एकच अक्षर, र खाली नुक्ता, आणि र-हलन्ताला अदृश्य जोडचिन्ह. दिसायला तिन्ही सारखी. युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करणारं रूप) पहिली दोन एक होतात, तिसरं होत नाही, ते आपण हाताने बदलायचं. साठवताना मूळ तसंच ठेवायचं. बदल फक्त शोधाच्या रकान्यात. लोकांच्या नावाला हात लावायचा नाही.

१३ मार्च

उद्या धुळवड, अर्धं ऑफिस आजच रिकामं. बाहेरच्या पॅकेजेसचा नियम लिहून काढला. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड त्याच्या लेखकाने काढून घेतलं होतं. ११ ओळींचा कोड, काम एवढंच की मजकुराच्या डावीकडे जागा भरायची. तेवढ्यावर जगभरची बिल्ड्स अडली. मापट्यात बाहेरचं काही घ्यायचं तर व्हर्जन गोठवून, लॉक फाइलसकट (नेमकी कुठली व्हर्जन्स घेतली ते नोंदवणारी फाइल). आणि पन्नासएक ओळींत आपल्याला लिहिता येत असेल तर घ्यायचंच नाही. तारीख-वेळ आणि क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणं) याला अपवाद: ते स्वतः लिहायला बसणाऱ्याला थांबवायचं.

२१ मार्च

व्हर्जन क्रमांक. तीन आकडे: मोडतोड होणारा बदल असेल तर पहिला वाढतो, नवं काही आलं तर दुसरा, दुरुस्ती झाली तर तिसरा. मग एकोण्याऐंशीचं एकोणऐंशी केलं, ते काय? मी म्हटलं दुरुस्ती. बाजारवाले म्हणाले, मोडतोड. त्यांच्या आयातीच्या प्रोग्रॅममध्ये दुबार बिल ओळखायला रक्कम अक्षरी हा मजकूरच ताडून बघतात. हे कुणी आणि का लिहिलं ते विचारलं. माणूस सोडून गेला आहे.

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात, की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या फंक्शनच्या दिसणाऱ्या प्रत्येक सवयीवर कुणीतरी विसंबलेलं असतंच, तुम्ही कबूल केलेलं असो वा नसो. आमच्याकडे वापरणारे तीनच, तरी हे.

छापलं जाणारं अक्षर बदललं तर पहिला आकडा वाढवायचा, असं ठरलं. मला अजूनही ते जरा जास्तच वाटतं.

२८ मार्च

१.०.० तिन्हीकडे चढवलं. रविवारी पाडवा, सोमवारी ईद, मंगळवारी नवं आर्थिक वर्ष. त्यात मार्केटला हापूसच्या पेट्यांची आवक जोरात. सर म्हणाले एप्रिलनंतर चढवू; मॅडम म्हणाल्या जुन्याच्या भरवशावर ३१ मार्चची रात्र काढायची असेल तर मी रजेवर. चढवलं.

१ एप्रिल

मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या पट्टीला नवीन मालिकेचा पहिला क्रमांक. वागळेकडून काही आलं नाही, म्हणजे ठीक.

९ एप्रिल

जुनी फंक्शन्स काढायचं काम. नवीन आणण्यापेक्षा हे हळू चाललंय, कारण प्रत्येक टीमला वाटतं आपलं जुनं ‘असू दे बाजूला’. बाजूला ठेवलेलं फंक्शन पुढच्या जॉइन झालेल्या पोराला आधी सापडतं. म्हणून बिल्डमध्येच तपासणी घातली: जुन्या नावाने कुणी हाक मारली की बिल्ड पडतं आणि नवं नाव सांगतं. ‘कॉमन युटिल्स’ मात्र पूर्ण काढता आलेलं नाही. त्यात एक पीडीएफवाला भाग आहे ज्याला हात लावायला कुणी तयार नाही.

१६ एप्रिल

एका गाळ्यावरून मागणी: पट्टीवर ‘दीड लाख’, ‘अडीच हजार’, ‘सव्वा लाख’ असं छापून द्या, शेतकऱ्याला चटकन कळतं. मागणी शंभर टक्के रास्त. पण चेकवर असं कुणी लिहीत नाही, आणि सोसायटीच्या पावतीवर तर मुळीच नको. बाजारच्या प्रॉडक्टमध्ये करायला सांगितलं, मापट्यातलं फंक्शन आतून वापरून. पावणेदोन लाखाचं काय करायचं ते त्यांनी शेठना विचारावं.

२४ एप्रिल

१.१.० मध्ये आयएफएससी गेलं: ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. इथे तपासणीचं अक्षर नसल्याने साचा बरोबर म्हणजे शाखा खरी असं नाही. वर्णनात हे पहिल्या ओळीत लिहिलं.

वागळेकडून एरर आली. ठाण्यातल्या एका सोसायटीने पुनर्विकासाच्या प्रस्तावाचा आकडा टाकला, तो ९९,९९,९९,९९९ च्या पुढे. फंक्शनने ठरल्याप्रमाणे नकार दिला, त्यांना आजच प्रिंट हवी होती. शंभर कोटी छापायचं की एक अब्ज? बँकेतल्या ओळखीच्यांना विचारलं, दोन जणांनी दोन उत्तरं दिली. कोष्टकात ओळ घातली आहे, उत्तराचा रकाना मोकळा, ‘का’मध्ये ‘मॅडमकडे’. त्या सोमवारी येतील. तोवर सोसायटीला आकडा हाताने लिहायला सांगितलंय.